पंपाची परीक्षा

जावयाने नव्या कयाकच्या तळाशी पाणी उपसणारा पंप स्वतःच्या हाताने बसवला. पण सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. "मी पंप पास केल्याशिवाय माझी मुलगी या होडीतून समुद्रात जाणार नाही," असं त्यांनी सांगून टाकलं.

रविवारी दुपारी अंगणात परीक्षा झाली. अकरा बादल्या ओतून कयाक भरली. सासरे अर्ध्या चड्डीवर आत जाऊन बसले आणि जावयाने बटण दाबलं. तीन मिनिटांत होडी कोरडी ठाक.

"नापास," सासरे म्हणाले.

पुढच्या रविवारी जावयाने दुप्पट ताकदीचा पंप आणून बसवला. त्याने दीड मिनिटात पाणी फेकलं.

"हा तर पहिल्यापेक्षा वाईट."

जावयाने डोक्याला हात लावला. "तुझ्या बाबांना नेमकं हवंय तरी काय?"

"अरे, भर उन्हाळ्यात गार पाण्यात बसलेल्या माणसाच्या बुडाखालचं पाणी काढून घेतोस," बायको म्हणाली, "आणि वर पास करा म्हणतोस."

तिसऱ्या रविवारी त्याने गुपचूप पंपाची वायर काढून ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने बटण दाबलं. सासरे दोन तास पाण्यात बसले. शब्दकोडं सोडवलं, एक डुलकी काढली, मग बोटांवरच्या सुरकुत्या बघत समाधानाने उठले.

"पास. घेऊन जा तिला," ते म्हणाले. "फक्त निघण्याआधी वायर जोडून घ्या, जावईबापू."