परतीची तारीख

पर्यटक म्हणून परदेशात शिरायचं, तर परतीचं तिकीट दाखवावं लागतं; नाहीतर दारातूनच माघारी. ज्यांना परतायचंच नसतं, त्यांना तिकीटवाले मामा तात्पुरतं तिकीट काढून द्यायचे आणि माणूस एकदा आत शिरला की गुपचूप रद्द करून टाकायचे.

"तारीख कुठली टाकू?" त्यांनी गावातल्या एका सुताराला विचारलं होतं.

"टाका कुठलीही. यायचंय कुणाला!"

"असं बोलू नये रे. येतो म्हणावं." मामांनी डोळे मिटून कॅलेंडरवर बोट ठेवलं. तीन महिन्यांपुढच्या पानावर अठरा तारीख निघाली.

आठवड्याभरात सुताराचा मेसेज आला, 'पोचलो. काम मिळालं.' मामांनी तिकीट रद्द केलं आणि विसरूनही गेले.

तीन महिन्यांनी सुताराची बायको दुकानात आली. हातात त्याच तिकिटाची प्रत, उघडून-मिटून घडीवर विरलेली.

"मामा, अठराचं हे विमान वेळेवर येतं ना? निघताना म्हणाले होते, अठराला येतो."

पठ्ठ्याने घरी खरं सांगितलंच नव्हतं तर! "अगं पोरी, ते तिकीट म्हणजे..."

बाईने कागदाची पुन्हा नीट घडी घातली.

 

"काल तिकडून ठेकेदाराचा फोन आला, यांना याच विमानाने पाठवतोय म्हणाला. फक्त त्यांना घ्यायला विमानतळावरच्या मालाच्या फाटकापाशी थांबायचंय."