ताईचं रीडिंग

पट्टा दंडावर आवळत गेला आणि धाकटी खुदकन हसली.

"हलू नकोस गं. बोलूही नकोस," ताई म्हणाली.

न बोलणं आणि धाकटी! घरात तिला 'चौकशीखिडकी' म्हणायचे ते काय उगाच? पट्टा फुगतो कशाने, वरचा आकडा कशाचा, खालचा कशाचा, बाळ झाल्यावर ताईचंच बीपी का चढलं, भावजींचं का नाही? ताईने सगळं समजावलं होतं. शेवटच्या प्रश्नाला मात्र नुसती टपली मारली होती.

फुस्स करून पट्टा सैल पडला. एकशेदहा, सत्तर. ताईने लगेच यंत्राचा मोबाइलवर फोटो काढला. रोज हे असंच. "आधी तुझं बघू, माझं नंतर." धाकटीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट आपलं बीपी फोटो काढण्याइतकं देखणं आहे, याचा तिला भारी अभिमान होता!

फक्त ताईचं ते 'नंतर' कधी उजाडतं, एवढं एकदा बघायचं होतं.

बाळाला पाजता पाजता ताईचा डोळा लागला. धाकटीने हळूच तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. ताई दचकून जागी झाली, पण तोवर आकडे आले होते. एकशेबहात्तर, एकशेबारा.

"आईला सांगू नकोस," ताई कुजबुजली. तिने कपाळ दाबून धरलं होतं. "परत ॲडमिट करतील. मागच्या वेळी मी तिकडे आणि बाळ इकडे. रडून रडून घसा बसला होता गं त्याचा. गोळ्या घेतेय ना मी? उतरेल."

"डोकं दुखतंय तुझं?"

"थोडंसं. मधेच डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

तेवढ्यात फोन आला. डॉक्टरीणबाई. बाळ मांडीवर होतं, म्हणून ताईने स्पीकर लावला.

"फोटो बघितले. रीडिंग झकास आहे हं! आजपासून गोळी निम्मी करू या. डोकंबिकं दुखत नाही ना?"

"नाही," ताई म्हणाली आणि तिने धाकटीकडे पाहिलं. हात जोडल्यासारखं पाहिलं.

धाकटीने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा ताईकडे. गप्प बसावं तर गोळी निम्मी. तोंड उघडावं तर ताई जन्मभर बोलायची नाही.

"डॉक्टर, ते फोटोतलं बीपी माझं आहे!" ती एका दमात म्हणाली. "ताईचं आत्ता एकशेबहात्तर आलंय. डोकं दुखतंय, काजवेही दिसतात."

ताईने डोळे घट्ट मिटून घेतले.

"घेऊन या तिला." पलीकडचा आवाज पार बदलला होता. "आत्ताच्या आत्ता निघा."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "आण त्याला इकडे," ती बाळासाठी वाकली. "एवढ्याशा जिवाला दवाखाना नको, मागेच सांगितलं होतं मी." ताई बाळाला सोडेचना.

"डॉक्टर, अजून एकच विचारते," धाकटी फोनवर ओणवी झाली. "बाळाला ताईजवळ ठेवता येतं का हो?"

"न यायला काय झालं? मागच्या वेळीही तिच्या खाटेशेजारी पाळणा लावून ठेवला होता आम्ही. तुम्हीच कुणी बाळाला आणलं नाहीत."