चौथं अंडं

अंड्याचं कवच ड्रिलनं घासायचं, आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही. मेंदूला धक्का न लावता कवटी उघडण्याचा हा सराव. डॉक्टरकीची नोंदणी टिकवायला अशा प्रशिक्षणाचे गुण हवेत, म्हणून डॉक्टर टिपणीस कार्यशाळेला आले होते. तीस वर्षं डोकी उघडली, अंडं ते काय!

तिसरं अंडंही टेबलावर ओघळलं.

शिकवणारी शलाका त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. एकदा तिचा हात थरथरला म्हणून "हे हात आहेत की फावडी?" असं ओरडून त्यांनी तिला ऑपरेशन थिएटरबाहेर काढलं होतं. आता त्यांनीच मान खाली घातली.

"होतं असं, सर," म्हणत तिनं त्यांच्या मनगटाखाली रुमालाची घडी सरकवली. चौथ्या अंड्याचा पापुद्रा टिकला.

शेवटी फॉर्मवर प्रश्न होता: आज काय शिकलात?

"अंडी फोडायला," टिपणीसांनी लिहिलं. मग ते खोडून लिहिलं, "शिकवायला."