मागची सीट

सकाळच्या सफारीत मी पाहुण्यांना शारजाच्या लाल टेकड्यांवरून असं उडवतो की त्यांचा नाश्ता त्यांना परत भेटायला येतो. आज मात्र माझीच गाडी टेकडीच्या धारेवर कलली. जरा हलली असती तर लोळत खाली गेली असती.

पाचही पाहुण्यांना मी अलगद उतरवलं. तरी गाडी कललेलीच. त्यात मागच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की वाजते ती पिपाणी थांबेना.

खालून दुसऱ्या सफारी गाडीचे चालक हुमैदकाका ओरडले, "उबैद, कुणाला विसरलास का रे गाढवा?"

"वल्ला, अल्लाची शपथ काका, सगळे उतरलेत. सीट रिकामी आहे."

"मग रिकाम्या सीटला पट्टा लाव, पण ते केकाटणं थांबव."

मी वाकून पट्टा लावला. पिपाणी थांबली. पण पट्टा सीटला टेकेना. एखाद्याच्या पोटावरून गेल्यासारखा तो हवेत गोल राहिला आणि भराभर वरखाली होऊ लागला.

"घाबरू नकोस," मी हळूच म्हणालो. "माझीही तंतरलीय. सावकाश उतर."

पट्टा सुटला. गाडी हळूहळू सरळ झाली.

खाली रांगेत उभे असलेले पाहुणे, कुणी काही न सांगता, थोडे थोडे सरकले आणि मधे एकाला जागा करून दिली.