पोटभाडेकरू

“नवऱ्यालाही घ्याव्या लागतील या गोळ्या,” डॉक्टर शरयू अंजनीला म्हणाल्या.

“त्यायले काहून, मॅडम? त्यायले तर काहीच त्रास नाही जी.”

“पुरुषांना बहुतेकदा जाणवतच नाही गं. जंतू आपला आत असतो गुपचूप.”

“मग मागच्या गोळीनं मी बरी काहून नाही झाली?”

“त्या जंतूनं पोटभाडेकरू ठेवलाय म्हणून,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याच्याही पोटात एक बारीक जंतू राहतो. त्याचंच खातो, वर त्यालाच बळ देतो. दोघांचं साटंलोटं. मोठ्याची गोळी धाकट्याला लागू पडत नाही. मोठा मेला की धाकटा मोकळा. म्हणून या वेळी दोन पट्ट्या. पांढरी मोठ्यासाठी, पिवळी पोटभाडेकरूसाठी. तुम्ही दोघांनीही घ्यायच्या, नाहीतर नवऱ्याकडून परत तुझ्याकडे.”

अंजनीनं हळूच विचारलं, “संडासातून लागलं असन काय?”

“नाही गं. हा संबंधातूनच येतो.”

झालं! विजय नगरच्या दवाखान्यातून ओमतीच्या घरापर्यंत रिक्षात तिला दुसरं काही सुचलं नाही. पट्ट्या पिशवीत मेथीखाली दडवल्या होत्या, तरी सगळ्या रस्त्याला त्या दिसताहेत असं तिला वाटत होतं. परक्या माणसाकडं तिनं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आणि पुंडलिक? तो तर सरळ माणूस. मझौलीला नोकरी, शनिवारी घरी, रविवारी विहारात पहिल्या रांगेत. मग हे आलं कुठून? तिचं डोकं भणाणून गेलं. पण लोक कशाला एवढा विचार करतात! दुखणं जिच्या अंगावर दिसलं, चोर तीच. गल्लीतल्या इंदिराचं असंच अंगावरून जात होतं. सासरच्यांनी तिला माहेरी नेऊन टाकलं आणि लेकरू ठेवून घेतलं. अंजनीची सुजाता तर आता कुठं शाळेत जायला लागली होती.

गोळी वरणात कुस्करून घालावी काय? कडू लागली तर? अख्ख्या घराला जंताचं औषध दिलंय म्हणून सांगावं, तर सासूही हात पुढं करायची. काय करावं बाई!

शनिवारच होता. संध्याकाळी पुंडलिक आला. चहासाठी बसला. पलीकडे सासू भीमाबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बोलायचं नाही असं अंजनीनं रस्ताभर घोकलं होतं. पण त्याच्यापुढं कपबशी ठेवताना चहा सांडला.

“काय झालं वो?” पुंडलिकनं विचारलं.

तेवढ्यावर अंजनीचा बांध फुटला. पट्ट्या बशीपाशी ठेवून ती रडतच म्हणाली, “माझं ते दुखणं पलटून आलं. डॉक्टरीण म्हणते, तुमालेबी गोळ्या लागतात. संबंधातून होते म्हणे. पण मी काही वावगं नाही केलं हो. सुजाताची शप्पथ!”

सूप आपटलं. भीमाबाई ताडकन उठली.

“अच्छा! आता समजलं! माझ्या भोळ्या पोराच्या घरात राहून हे धंदे? बांध आपलं बोचकं! पोरगी इथंच राहीन.”

अंजनीनं दाराची चौकट धरली. इंदिरा अशीच उभी होती त्या दिवशी, चौकट धरून. पुंडलिक आता हात उगारणार, म्हणून तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

हात काही आला नाही. शिवीही आली नाही. तिनं भीत भीत डोळे उघडले.

पुंडलिकनं कसलं दुखणं, काय दुखणं, काही विचारलंच नव्हतं. आईचं बोलणंही त्याच्या कानात शिरलं नसावं. पांढरी पट्टी त्यानं एकदा पाहिली आणि ओळखीची असल्यासारखी बाजूला ठेवली. पिवळी मात्र उलटून पालटून तो कितीतरी वेळ पाहत राहिला.

“ही दुसरी कायची?” तो म्हणाला. “मझौलीच्या डॉक्टरनं मले तर पांढरीच देल्ली होती.”