दोन दिवसांची ऊब

बाईंनी पहिली कुंडी साहेबांच्या टेबलावर ठेवली नाही, आदळली. मग दुसरी, मग तिसरी. अशा नऊ कुंड्या ओळीनं, अगदी हीटरच्या तोंडाशी.

साहेब म्हणजे संस्थेचे संचालक. झाडांच्या थंड खोलीत वर्षातून एकदा पाय टाकणार, तोही पाहुणे आले तर. उंटावरून शेळ्या कशा हाकाव्यात हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं यांच्याकडे शिकवणी लावावी.

"अहो बाई, ही तर चांगली हिरवीगार आहेत!" साहेब चष्मा नाकावर सरकवत म्हणाले. "आणि हा मामा मला सांगतो, मेली म्हणून."

थंड खोलीचे राखणदार मामा दारातच उभे होते. काखेत तापमानाची वही होती आणि मान खाली.

"गोठलीत म्हणून हिरवी दिसतायत," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटं थांबा."

"बरं, तोवर हे उरकून टाकू." साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "लिहून ठेवलंय सगळं. 'सदर वनस्पती अतिशीत तापमान सहन करू शकत नाही.' तुम्ही फक्त सही करा, फाइल बंद."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उणे तीस अंशांत हाडं गोठवणाऱ्या शिखरावर वाढणारं हे मुठीएवढं झाड, आणि म्हणे थंडी सोसत नाही! त्या शिखराचा उतार गेल्या वर्षी दरड कोसळून गाडला गेला. जगात उरली ती ही नऊ. बाईंनी सहा वर्षं हातमोजे घालून सांभाळलेली. यंदा पहिल्यांदा कळ्या धरल्या होत्या, म्हणजे पहिल्यांदा बी मिळणार होतं.

"मामा, वही वाचा. मोठ्यानं."

मामांनी पान उलटलं. "सोमवार, उणे बारा. मंगळवार, अधिक अठरा, साहेबांच्या सांगण्यावरून. बुधवार, अधिक अठरा, साहेबांच्या सांगण्यावरून. गुरुवार, उणे बारा."

"मला फोन का नाही केलात, मामा? वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं, मी काही मेले नव्हते!"

"साहेब म्हणाले, बाईंना सुट्टीत कशाला त्रास."

साहेब खुर्चीत हलले. "अहो, पाहुण्यांना थंडी वाजत होती. कुडकुडत होते बिचारे. दोन दिवस त्यांचं फोटो काढणं चाललं होतं. आणि मी म्हणतो, दोनच दिवस तर! उलट झाडांनाही जरा ऊब मिळाली. नंतर जसं होतं तसं करून दिलं की."

"जसं होतं तसं?" बाईंचा आवाज चढला. "दोन महिने लागले मला त्यांना उणे बारापर्यंत न्यायला. रोज थोडं थोडं. तेवढ्या काळात ती पानात साखर साठवतात, पेशीतलं पाणी बाहेर काढून ठेवतात, आत बर्फ होऊ नये म्हणून. तुम्ही ऊब दिलीत. त्यांना वाटलं, उन्हाळा आला. साखर खर्च केली, पाणी परत आत घेतलं. आणि भरल्या पाण्यानिशी तुम्ही त्यांना एका रात्रीत बर्फात ढकललंत!"

"हे मला कुणी सांगितलं होतं का? दारावर तशी पाटी आहे?"

"आहे," मामा म्हणाले. "फोटोत नको म्हणून तुम्हीच काढायला लावलीत."

करून सवरून नामानिराळं राहायची साहेबांची जुनी सवय, पण आज मामांनी वाटच अडवली. साहेबांनी पेन उचलून बाईंपुढे धरलं.

"हे बघा, वाद नको. झाडं गेली हे खरं ना? मग सही करा."

बाईंनी पेन घेतलं नाही. त्या कुंड्यांकडे बघत होत्या. पहिल्या कुंडीतली पानं काळपट झाली. मग एकदम मऊ पडली, उकडलेल्या पालेभाजीसारखी, आणि कडेवरून खाली लोंबली. दुसरीही गेली, मग तिसरी. कळ्या देठासकट आडव्या झाल्या. पानांतून गढूळ पाणी गळायला लागलं. ते टेबलावरून वाहत साहेबांच्या कागदाखाली शिरलं.

साहेबांनी घाईघाईनं कागद उचलला. "अरे मामा, बघतोस काय! हीटर बंद कर आधी!"

मामा जागचे हलले नाहीत.

"आता कशाला, साहेब?" बाई म्हणाल्या. "बसा की उबेत."