काठोकाठ पेला

चाळीस वर्षं मी शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसलो, हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला धरून. गाडी सुटताना पाणी सांडलं, की त्याला खाली उतरवायचो. गाडी कधी हलली ते बसणाऱ्याला कळता कामा नये, हा माझा नियम.

पक्षाघातानंतर माझं चालवणं संपलं. गाडी विकायचं ठरलं, तेव्हा बायको म्हणाली, “उस्ताद म्हणवता ना? मग मला शिकवा. तुम्हाला दवाखान्यात मीच नेईन.”

महिनाभर शिकवलं. आज पेल्याची परीक्षा होती. ती चुकली, तर उद्या गिऱ्हाईक गाडी नेणार होतं.

तिने न्यूट्रल तपासलं, चावी फिरवली, पहिला गिअर टाकला, मान वळवून मागचा रस्ता पाहिला. पाणी माझ्या लेंग्यावर सांडलं.

“उतर खाली!” मी ओरडलो.

“अहो, अजून हँडब्रेकसुद्धा सोडला नाही मी,” ती हळूच म्हणाली.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. तो थरथरत होता. उरलेलं पाणी पिऊन टाकलं, वाकून पेला पायाशी ठेवला. मान वर केली, तर आमचं फाटक केव्हाच मागे पडलं होतं.